शेवटच्या अठरा पट्ट्या

शाळा संपली की मनात भावना दाटून येतात, असा आमच्या शाळेचा नियम आहे. त्यासाठी छापील कागदसुद्धा आहे. शेवटच्या आठवड्यात तो प्रत्येकाला मिळतो. वर नाव, वर्ग, ग्रंथालयाची पुस्तकं परत केली का, आणि खाली दहा रिकाम्या ओळी: ‘शाळेने तुम्हाला काय दिले? मोकळेपणाने लिहा.’ मोकळेपणाने म्हणजे निळ्या शाईने आणि मुख्याध्यापकांना पालकसभेत वाचून दाखवता येईल असं. मी लिहिलं, शाळेने मला पंख दिले. नंतर कळलं, वर्गातल्या एकतीसपैकी चोवीस जणांना पंखच मिळाले होते. उरलेल्या सातांना शिदोरी.

त्या दहा ओळींत जे बसलं नाही ते इथे लिहितेय. हे कोणी पालकसभेत वाचणार नाही, म्हणून शाई काळी.

सुरुवात संगीताच्या बाईंपासून करायला हवी. आम्ही त्यांना हुंदकेबाई म्हणायचो. त्यांच्या पाठीमागे, अर्थातच. बाई मनाने फार चांगल्या, पण कुणी तीन सूर सरळ लावले की यांचा रुमाल बाहेर. त्यांच्या गुणपत्रिकेत चार रकाने होते: स्वर तीस, ताल तीस, पाठांतर वीस आणि भाव वीस. पहिल्या तीन रकान्यांत मला चार वर्षं पैकीच्या पैकी मिळाले. चौथ्यात चार वर्षं सात. वीसपैकी सात म्हणजे काठावर पास. म्हणजे माझ्या पियानोवादनात भाव आहे, पण हवा खाऊन जगतोय एवढाच.

मी एकदा विचारलं, बाई, बाकीचे तेरा कुठे गेले? बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की तू वाजवतेस तेव्हा सगळं बरोबर असतं गं, पण आत काही हलत नाही. मी म्हटलं, बाई, आत अठ्ठ्याऐंशी हातोड्या हलतात, झाकण उघडून दाखवू का? त्यानंतरचा तास मी वर्गाबाहेर काढला.

आता भाव म्हणजे काय ते कळायला आमच्याकडे एक नमुना होता. त्याला आम्ही लोलक म्हणायचो. तो व्हायोलिन वाजवायचा. डोळे मिटून, मान कलती करून, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे. एकदा डुलता डुलता त्याने गज मारून समूहगानातल्या एका मुलीचा चष्मा उडवला. त्याही दिवशी त्याला भावात अठरा मिळाले. चष्म्याचे दोन कापले असतील. मीही घरी आरशासमोर डुलून पाहिलं. आई दारातून म्हणाली, चक्कर येतेय का गं, काही खाल्लंयस का सकाळपासून?

माझ्या या कोरडेपणाचं खापर मी बाबांच्या डोक्यावर फोडते. बाबा पियानो लावतात. विकत नाहीत, वाजवत नाहीत, लावतात. लोकांच्या घरी जाऊन सुटलेल्या तारा पुन्हा सुरात आणून देतात. मी शाळेत जायच्या वयाची नव्हते तेव्हा ते मला बरोबर न्यायचे आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यात गालिच्यावर बसवायचे. तिथे मी काय ऐकलं? गाणी नाहीत. एकच सूर. टण. पुन्हा टण. पन्नास वेळा टण. पियानोत वरच्या एकेका सुराला तीन तारा असतात. त्या एकमेकींशी जुळलेल्या नसल्या की सुरात एक बारीक थरथर येते. बाबा तारांच्या मध्ये नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा खोचणार, खुंटीला चावी लावणार, केसभर फिरवणार, ती थरथर लांबत लांबत जाणार, आणि एका क्षणी थांबणार. ती थांबली की मला पोटात गार वाटायचं. मला वाटायचं, संगीत म्हणजे हेच.

बाबांना मी एकदा भावाबद्दल विचारलं होतं. ते म्हणाले, तो वाजवणाऱ्याचा प्रश्न, मी फक्त तार जागेवर ठेवून देतो. काम झालं की तेही कधी एखादी धून वाजवून दाखवत नाहीत. उजवीकडची अगदी शेवटची पट्टी तीनदा दाबतात, झाकण लावतात, अवजारांची बॅग उचलतात. ती बॅग दुसऱ्या कोणाला उचलू देत नाहीत. एकदा खांद्याला प्लास्टर होतं तेव्हाही दिली नाही. आईने हात पुढे केला तर म्हणाले, राहू दे, हिचं वजन माझ्या ओळखीचं आहे.

आमच्या घरीही एक पियानो आहे. तीन मेलेल्या पियानोंच्या अवयवांतून बाबांनी तो उभा केला. वरच्या दीड सप्तकाला तारा मिळाल्या नाहीत, त्यामुळे तिथल्या पट्ट्या दाबल्या की फक्त ठक ठक वाजतं. दिव्याखाली अंधार. मी तिथे ठक ठक करायचे आणि सूर मनात ऐकायचे.

आता ज्यावर सगळं अडलं ते सांगते. आमच्या भागात ज्या एकोणीस घरांत पियानो आहे, त्या एकोणीस घरांना तो लावायला बाबा लागतात, कारण शाळेचा पियानो बाबा लावतात. लोक हुंदकेबाईंना विचारतात, बाई, तुमच्याकडे कोण येतं? बाई बाबांचं नाव सांगतात आणि डोळे पुसतात. बाबांना दुसरं काही येत नाही. एकदा दुकानात नोकरी करून पाहिली, नवव्या दिवशी मालकाला म्हणाले की तुमच्या पंख्याचा आणि फ्रिजचा सूर जुळत नाही, डोकं दुखतं. मालक म्हणाला, मग घरी जा. ते आले.

आणि ती एकोणीसही घरं आमच्या निरोपाच्या कार्यक्रमाला पुढच्या तीन रांगांत येऊन बसतात. त्यांची मुलं याच शाळेत. एकाला जरी पियानो बेसूर वाटला, तरी संध्याकाळपर्यंत एकोणीस घरांत ‘आता त्यांचं वय झालं’ ही बातमी पोचणार. त्या घरांत माणसं एकमेकांना फार जपून सगळं सांगतात.

कार्यक्रम दुपारी चारला होता. बाबांनी सकाळी येऊन पियानो लावला आणि बाराला घरी गेले, इस्त्रीचा शर्ट घालून परत यायला. आईची कामावर दुपारची पाळी होती, म्हणून ती येणार नव्हती. मी अडीचला सभागृहात पोचले. शिपाईकाका खुर्च्या लावत होते, दोन मुली फळ्यावर ‘निरोप’ लिहून त्याला डोळे आणि अश्रू काढत होत्या. मी म्हटलं, शेवटचं पान एकदा काढून घेऊ.

मला बाईंनी दिलेली रचना म्हणजे रडायचा कारखाना होता. सुरुवात खाली, काळोखात, मग हळूहळू वर, आणि शेवटचं अख्खं पान पियानोच्या अगदी उजव्या टोकाला. अंगावर काटा येण्यासाठी खास बांधलेलं. मी उजवा हात लांब करून पहिला सूर दाबला.

तो आंबला होता. मला वाटलं माझं बोट चुकलं. पुन्हा दाबला. तिन्ही तारा चढलेल्या, आणि तीन बहिणी भांडून तीन खोल्यांत बसाव्यात तशा एकमेकींपासून फटकून. शेजारचा तसाच. त्याच्या शेजारचा त्याहून वाईट. मी एकेक पट्टी दाबत मागे आले. शेवटून अठरावी पट्टी, तिथपर्यंत सगळं बिघडलेलं. एकोणिसावी दाबली आणि सूर शांत, स्वच्छ, डोळे मिटावेत असा. तिथून खाली पूर्ण पियानो बाबांचा होता. वरच्या अठरा पट्ट्या कुणा दुसऱ्याने लावल्यासारख्या होत्या.

गेल्या खेपेला बाबांनी लावल्यावरही वरचे सूर जरा टोचत होते, तेव्हा मी हवामानाला दोष दिला होता, लाकडाला दिला होता, शिपाईकाकांच्या ओल्या फडक्याला दिला होता. एका माणसाला सोडून सगळ्यांना दिला होता. मग बाबांचं मनगटी घड्याळ आठवलं. त्यात सहाचा गजर लावलेला असतो, बारीक, किडा ओरडावा तसा. गेलं वर्षभर तो वाजायचा आणि बाबा शेजारी पेपर वाचत बसायचे. आई म्हणायची, यांना घरातलं कधी काही ऐकू आलंय? मी म्हणायचे, बाबा, तुमच्या हाताला भूक लागलीय. आम्ही हसायचो. बाबाही हसायचे. आम्ही दोघी वर्षभर कशाला हसत होतो ते मला त्या स्टुलावर कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

घड्याळात तीनला दहा कमी. बाईंना सांगावं? बाई पोटाशी धरतील, रडतील, आणि आठवडाभरात एकोणीस घरांना अत्यंत हळहळून सांगतील. बातमी एक वेळ दाबता येते, हळहळ दाबता येत नाही. बाबांना फोन करावा? काय सांगणार? आणि ते धावत आले तरी लावणार कशाने? त्याच कानांनी. समूहगानाची साथ मधल्या पट्ट्यांवर होती, लोलकाचीही. वर जाणारी एकटी मी. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ माझ्या हातात होती.

म्हणजे शेवटचं पान खाली आणायचं. दोन सप्तकं खाली. बोलायला सोपं आहे. तिथे आधीच डावा हात वस्तीला होता. दोन्ही हात एका खोलीत आल्यावर डाव्याला अर्धा संसार बाहेर काढणं भाग. कोणते सूर ठेवायचे, कोणते टाकायचे, हे मी पियानोचं झाकण लावून त्या झाकणावर बोटं फिरवत ठरवत होते, कारण वाजवलं असतं तर कुणीतरी येऊन ऐकलं असतं.

ऐकायला बाई आल्याच. म्हणाल्या, शेवटचं पान एकदा वाजव गं, मला तुझी काळजी आहे. मी मान खाली घातली आणि म्हटलं, बाई, भाव साठवतेय. आता वाजवला तर संपेल.

चार वर्षांत बाईंनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. पाऊल न वाजवता निघून गेल्या.

चार वाजले. मुख्याध्यापक पंख आणि शिदोरी या विषयावर वीस मिनिटं बोलले. समूहगान झालं. लोलक डुलला, यंदा चष्मेवाल्या मुलींना लांब बसवलं होतं. मग मी. स्टेजवरून बाबा दिसत होते. ते नेहमी कडेच्या खुर्चीवर बसतात, पायाशी बॅग, मध्येच तार तुटली तर उठता यावं म्हणून. इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली, म्हणजे पियानो तयार आहे.

पहिली चार पानं मी नेहमीसारखी वाजवली. म्हणजे भावात सात. बाई पहिल्या रांगेत रुमाल घडी करून बसल्या होत्या.

मग शेवटचं पान. हात वर जायला निघाला आणि मी त्याला मागे ओढलं. खाली आणलं. तिथे सगळं अनोळखी. पुढचा सूर कोणता ते आठवेपर्यंत मी थांबले. एक सूर दाबला. पुन्हा थांबले, कारण डावा हात वाटेत आला. हळू वाजवत होते, कारण भरभर वाजवलं असतं तर सवयीने बोटं उजवीकडे पळाली असती. मला फक्त एकच दिसत होतं, ती शेवटून एकोणिसावी पट्टी, तिच्यापलीकडे जायचं नाही. समोर एकोणीस घरं बसलीत आणि कडेला बाबा. माझ्या आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि बाबांची इतकी माया कधी आली नव्हती.

जिथे मी पुढची पट्टी शोधत होते, तिथे सभागृहाला विरह ऐकू आला. मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. शेवटचा सूर पियानोच्या अगदी टोकाचा. तो खाली आणला तर रचना लंगडी वाटेल, वर दाबला तर सगळं उघडं पडेल. मी तो वाजवलाच नाही. हात मांडीवर ठेवला आणि बसून राहिले. पाच-सहा क्षण कुणी हललं नाही. मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला त्यात मुख्याध्यापकसुद्धा उभे राहिले.

बाई धावत स्टेजवर आल्या. मला कवटाळलं, माझा खांदा भिजवला. तू तो शेवटचा सूर गिळलास ना, म्हणाल्या, त्यात मला सगळं ऐकू आलं. भावात एकोणीस दिले. एक कापला कारण वीस फक्त देवाला. लोलक येऊन विचारून गेला की ती मधली थांबण्याची युक्ती कुठून शिकलीस, तो पुढच्या वर्षी घालणार आहे. एकोणीस घरांपैकी चार घरांच्या आया म्हणाल्या, पियानो काय सुंदर लागलाय. मी सगळ्यांना हसून थँक्यू म्हटलं. चार वर्षं मी मन लावून बरोबर वाजवलं तेव्हा सात, आणि भीतीने अर्धे सूर गाळले तेव्हा एकोणीस. संगीतातल्या भावनेबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा.

बाबांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते मला स्टेजवरून दिसलं होतं. आमच्या घरी मी चार महिने ते शेवटचं पान ठक ठक करत वाजवलंय आणि बाबा शेजारी पेपर वाचत बसलेत. त्यांना त्या पानाचा एकही सूर ऐकू आला नव्हता, कारण तिथे ताराच नाहीत. पण माझा हात कुठे जातो ते त्यांना पाठ होतं. आज तो हात तिकडे गेला नाही.

सभागृह रिकामं झालं. शिपाईकाका खुर्च्या रचायला दुसऱ्या टोकाला गेले. मी पाठ करून ठेवलेलं सगळं विसरले. म्हणणार होते की ऐनवेळी वेगळं वाजवावंसं वाटलं, हल्ली तसंच वाजवतात. बाबा बॅग घेऊन स्टेजवर आले, पियानोचं वरचं झाकण उघडलं, नमद्याचा तुकडा काढला, चावी काढली. माझ्याकडे न बघता म्हणाले,

“कुठून?”

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आमच्या घरात कुणीच हुशार नाही. मी हात पुढे केला आणि शेवटून अठरावी पट्टी दाबली.

त्यांनी मान हलवली. तारांमध्ये नमद्याचा तुकडा खोचला, खुंटीला चावी लावली. मग खुर्ची ओढून मला तारांजवळ बसवलं आणि स्वतः माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहिले.

“जुळलं की थांबा म्हण.”

टण. थरथर. टण. केसभर फिरलं. टण. थरथर लांबत गेली, लांबत गेली, थांबली. मी थांबा म्हटलं. बाबा थांबले. पुढची तार. पुढची पट्टी. अठरा पट्ट्या, चोपन्न तारा. ते एकदाही नक्की ना असं म्हणाले नाहीत. मध्येच त्यांच्या मनगटावर सहाचा गजर वाजला. मी हात लांब करून तो बंद केला आणि त्यांना सहा वाजले म्हणून सांगितलं. ते बरं म्हणाले.

शेवटची पट्टी जुळली. बाबांनी ती नेहमीसारखी तीनदा दाबली. त्यांना बहुतेक लाकडाची ठक ठकच ऐकू आली असेल, घरच्यासारखी. तरी मान हलवून म्हणाले, छान लागलाय. तेव्हा मात्र मला रडू आलं. चांगलं नाक लाल होईपर्यंत रडले. डुलले नाही तेवढंच.

बाबांनी मला रडू दिलं. सावकाश अवजारं पुसली, जिथली तिथे ठेवली, बॅगेचे पट्टे बांधले. दारापर्यंत आल्यावर थांबले.

“उद्या सकाळी नऊला दातांच्या डॉक्टरीणबाईंचा पियानो आहे,” ते म्हणाले. “तुला काही काम आहे का उद्या?”

“शाळा संपली, बाबा. मला कसलं काम?”

त्यांनी जरा विचार केला आणि बॅग माझ्या हातात दिली. ती भलतीच जड होती.